एलायझाचा आवाज कोणाचा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'माय फेअर लेडी' या चित्रपटावर आलेला लेख आणि पुढच्या आठवड्यात त्यावर छापलेले एका वाचकाचे पत्र, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. लेखकाला हा चित्रपट सर्वांगसुंदर आणि निर्दोष वाटतो. पत्रलेखकाला तो स्त्रीला बाहुली समजणारा, म्हणून अडगळीत टाकण्याजोगा वाटतो. मी बडोद्याच्या शाळेत पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले, हा चित्रपट निरनिराळ्या वयांत पाहिला आणि याच गोष्टीवर बेतलेली मराठी व गुजराती नाटकेही मनापासून पाहिली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु या चित्रपटाचा खरा दोष कुठे आहे ते दोघांनीही सांगितलेले नाही, आणि तो सांगितल्याशिवाय त्याचे खरे गुणही उजेडात येत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मराठी वाचकाला कथा सविस्तर सांगण्याची गरज नाही; उच्चारशास्त्राचे प्राध्यापक हिगिन्स आपले स्नेही कर्नल पिकरिंग यांच्याशी पैज लावून एलायझा डूलिटल या लंडनच्या फुलवालीला खानदानी इंग्रजी शिकवतात, एवढे आठवले तरी पुरे. बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ साली प्रथम व्हिएन्नात, तेही जर्मन भाषांतरात, रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये झाले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळेच्या रूपाने ती घराघरांत पोहोचवली. गुजरातीत मधू राय यांनी तिची 'संतू रंगीली' केली, आणि सरिता जोशी यांच्या संतूची वाक्ये माझ्या वयाच्या गुजराती मैत्रिणी आजही म्हणून दाखवतात. बडोद्याच्या मराठी माणसाकडे ही एकच फुलवाली अशी तीन वेशांत आलेली आहे, आणि तिन्ही वेशांत ती आम्हाला परकी वाटत नाही, याला कारण आहे. लंडनच्या पूर्व भागातली माणसे शब्दाच्या आरंभीचा 'ह' गिळतात. आमच्या चरोतरात आणि आसपासच्या खेड्यांत 'स'चा 'ह' होतो, गुजराती 'सारुं'चे (चांगले) 'हारुं' आणि 'साचुं'चे (बरोबर) 'हाचुं' होते. मराठीत 'ण'चा 'न' झाला रे झाला, की ऐकणारा बोलणाऱ्याची जात, गाव आणि शिक्षण मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो. आम्हा बडोदेकरांचे मराठीही या न्यायालयातून सुटलेले नाही. पुण्याला एका लग्नघरी मी खिडकीला 'बारी' म्हटले आणि ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते; ते हसू मला अजून ऐकू येते. तोंड उघडताच माणसाची किंमत ठरते, हे शॉ यांनी इंग्रजांविषयी लिहिले असले तरी ते समजायला आम्हाला इंग्लंडला जावे लागत नाही.

चित्रपटाचे पहिले मोठे सामर्थ्य असे, की उच्चार शिकण्यातले कष्ट तो प्रत्यक्ष दाखवतो. कुणी एका गाण्यात मुलगी बदलून टाकली असती. इथे तिच्या तोंडात गोट्या भरल्या जातात, तीच ती अक्षरे तिच्याकडून दिवसभर घोकून घेतली जातात, आणि एका प्रसंगात तिला गॅसच्या ज्योतीसमोर बसवले जाते: 'ह' नीट उच्चारला तर श्वासाने ज्योत हलेल, गिळला तर ती जागची हलणार नाही. प्राध्यापक हिगिन्स दुसरीकडे पिकरिंगशी बोलण्यात गुंग आहेत, मुलगी इमानेइतबारे 'ह' म्हणत आहे, आणि तिच्या हातातला कागद पेट घेतो तरी मास्तरांचे लक्ष नाही. वर्गात शिकवलेल्या माणसाने हे दृश्य पाहून हसावे आणि हसता हसता गप्प व्हावे, असे ते आहे. त्यानंतर रात्री उशिरा, सगळे थकून गेलेले असताना, डोक्यावर बर्फाची पिशवी धरलेले हिगिन्स पहिल्यांदाच आवाज खाली आणतात आणि तिला सांगतात की तू ज्या भाषेशी झगडते आहेस ती केवढी थोर आहे. तोवर त्यांनी तिला फक्त चुका सांगितल्या होत्या. आता ते तिला कशासाठी शिकायचे ते सांगतात, आणि त्याच क्षणी तिचा उच्चार सुटतो. बोलण्याचे गाणे कधी झाले आणि गाण्याचा नाच कधी झाला, याचा सांधा तिथे दिसत नाही. आपल्या संगीत नाटकावर माझे फार प्रेम आहे, परंतु तिथे पद सुरू झाले की गोष्ट बहुधा थांबते आणि वन्समोअर झाल्यावर पुढे सरकते. गीतकार ऍलन जे लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लोव यांनी या गाण्यात गोष्ट एक पायरी वर नेऊन ठेवली आहे. गाणे काढून टाकले तर कथेतला दुवाच निखळेल.

दुसरे सामर्थ्य ऍस्कटच्या घोड्यांच्या शर्यतीचे. सेसिल बीटन यांनी तो सबंध प्रसंग काळ्या, पांढऱ्या आणि राखाडी पोशाखांत मांडला आहे. घोडे समोरून धडधडत निघून जातात आणि ही प्रतिष्ठित माणसे चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता उभी राहतात. त्या थिजलेल्या समाजात एलायझा येते, तिचे उच्चार निर्दोष आहेत, आणि त्या निर्दोष उच्चारांत ती आपल्या मावशीला घरच्यांनीच कसे संपवले असावे ते सांगत सुटते. उच्चार शिकवले म्हणजे माणसाचे जगणे बदलत नाही, हे याहून नेमकेपणाने दाखवलेले मला ठाऊक नाही. शिक्षिका म्हणून मला या प्रसंगाने जे शिकवले ते प्रशिक्षणाच्या कुठल्याही वर्गात मिळाले नाही.

इथे मला माझीच एक गोष्ट लिहिली पाहिजे. पादरा तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. फळ्यावरचे वाक्य बरोबर की चूक, असे मी विचारले, तेव्हा ती उभी राहून 'हाचुं' म्हणाली. मी सर्वांदेखत तिला 'साचुं' असे तीनदा म्हणायला लावले. तिने म्हटले, अगदी स्पष्ट म्हटले, आणि त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ती वर्गात आपण होऊन एकदाही बोलली नाही. तिचे उत्तर बरोबर होते हे मी तिला सांगितलेच नव्हते. हा चित्रपट मी त्यानंतर पुन्हा पाहिला तेव्हा दूतावासातल्या मेजवानीनंतरचा प्रसंग मला सोसवेना. एलायझाने सरदार-राजकुमारांना चकवले आहे, आणि घरी आल्यावर हिगिन्स, पिकरिंग आणि सगळे नोकरचाकर एकमेकांचे अभिनंदन करीत गात आहेत. शुभ्र पोशाखातली एलायझा त्याच खोलीत एका बाजूला उभी आहे. तिला कुणी एक शब्दही विचारीत नाही. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकॉर तिला आपल्या नजरेआड होऊ देत नाहीत आणि त्या खोलीतल्या माणसांना मात्र ती दिसत नाही. सारे निघून गेल्यावर ती हिगिन्सच्या सपाता त्याच्याच अंगावर भिरकावते, तेव्हा ते आदळणे आपल्याला हवेहवेसे झालेले असते.

म्हणूनच पत्रलेखकाचा आक्षेप मला पुरता मान्य नाही. हिगिन्सच्या तोंडी स्त्रियांविषयी जी उर्मट गाणी आहेत ती चित्रपटाची मते नव्हेत. घरची कारभारीण मिसेस पिअर्स त्याला वारंवार अडवते. ग्लॅडिस कूपर यांनी साकारलेली त्याची आई तर उघडपणे एलायझाच्या बाजूने उभी राहते. आणि एलायझा स्वतः जे सांगते ते तर या कथेचे मर्मच आहे: तिला घडवले ते हिगिन्सच्या उच्चारांनी नव्हे, तर पहिल्या दिवसापासून 'मिस डूलिटल' म्हणणाऱ्या पिकरिंगच्या अदबीने. फुलवाली आणि खानदानी स्त्री यांच्यातला फरक त्या कशा वागतात यात नसून त्यांना कसे वागवले जाते यात आहे, हे शॉ यांचे म्हणणे चित्रपटाने जपले आहे. शिवाय पहाटे ती परत कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात जाते, शेकोटीभोवती जुनेच सोबती आहेत, आणि ते तिला ओळखत नाहीत, अदबीने बाजूला होतात. इथली राहिली नाही आणि तिथली झाली नाही, ही अवस्था त्या दोन मिनिटांत आहे. स्त्रीला बाहुली समजणाऱ्या माणसांना हे दृश्य सुचत नाही.

आता दोष. लेखकांनी भव्यतेचे कौतुक केले आहे, परंतु तिचीच चित्रपटाला बाधा झाली आहे. वॉर्नर ब्रदर्सनी हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले, एकूण खर्च १ कोटी ७० लाखांच्या घरात गेला, आणि सगळे लंडन कॅलिफोर्नियातल्या बर्बँकच्या स्टुडिओत उभे केले. पैसा पडद्यावर दिसतो. लंडन दिसत नाही. आमच्या खंडेराव मार्केटपाशी पहाटे फुलांच्या ढिगांमधून वाट काढलेल्या माणसाला ठाऊक असते, की फुलबाजारात पायाखाली चिखल असतो, कुजलेल्या पाकळ्यांचा आणि ओल्या गोणपाटाचा वास असतो, आणि हार ओवणाऱ्या बाईची बोटे दोऱ्याने कापलेली असतात. चित्रपटातल्या बाजारात कोबीसुद्धा धुऊन ठेवल्यासारखा आहे. एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्न त्या वेळी ३४ वर्षांच्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काजळी फासली तरी मान धरण्याची ढब राजकन्येचीच राहते, त्यामुळे पूर्वार्धातली फुलवाली सोंग वाटते आणि उत्तरार्धातले रूपांतर व्हावे तेवढे आश्चर्याचे होत नाही. जवळपास तीन तासांच्या लांबीत एलायझाच्या बापाच्या लग्नाचे गाणे अकारण लांबले आहे, कॅमेरा पुष्कळदा प्रेक्षागृहातल्या खुर्चीवर बसल्यासारखा जागचा हलत नाही. हे दोष आहेत, पण क्षम्य आहेत.

क्षम्य नाही तो दोष आवाजाचा. १९५६ साली ब्रॉडवेवर हे संगीतक आले तेव्हा हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसन यांच्यासमोर (चित्रपटातही हिगिन्स तेच आहेत) एलायझा होती ती जूली अँड्र्यूज, आणि ते २७१७ प्रयोग चालले. चित्रपट करताना वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख जॅक वॉर्नर यांना पडद्यावर नाव असलेली नटी हवी होती, म्हणून हेपबर्न आल्या. त्यांनी गाण्याची तालीम केली, स्वतःच्या आवाजात गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि नंतर त्यांना कळले की बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात घातली जाणार आहेत. याच्या अगदी उलट हॅरिसन यांचे. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवून त्यांचे गाणे चित्रीकरण चालू असतानाच टिपले गेले. त्याचा परिणाम कानाला कळतो. हॅरिसन अर्धे बोलतात अर्धे गातात, मध्येच थांबतात, श्वास घेतात, एखादा शब्द ओढतात, आणि दर वेळी वाटते की हा माणूस आत्ता, इथे विचार करतो आहे. एलायझा गाऊ लागली की आवाज एकाएकी गुळगुळीत आणि दूरचा होतो. एकाच खोलीत पुरुषाचा आवाज श्वासासकट त्याचा स्वतःचा, आणि स्त्रीचा आवाज काढून घेऊन दुसरा बसवलेला. एका मुलीचा आवाज बदलण्याची किंमत काय, हे विचारणाऱ्या चित्रपटाने आपल्या नायिकेच्या बाबतीत हिगिन्सचीच रीत पत्करली आणि ते त्याला जाणवलेही नाही.

यावर कुणी म्हणेल की आपल्याकडे पार्श्वगायन सर्रास आहे, लतादीदींच्या आवाजात किती नायिका गायल्या, मग इथेच आक्षेप का? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९४९ सालच्या 'महल'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. लोकांनी रेडिओकडे पत्रांमागून पत्रे पाठवून विचारले, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. आपल्या श्रोत्यांनी पार्श्वगायिकेचे नाव असे मागून घेतले आणि नंतर ते नायिकेच्या नावाइतकेच मोठे झाले. हॉलिवूडमध्ये त्यानंतर १५ वर्षांनीही हे झाकून ठेवले जात होते. मार्नी निक्सन यांनी त्याआधी 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर यांना आणि 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये नॅटली वूड यांना आवाज दिला होता, आणि 'माय फेअर लेडी'च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. पुढच्या वर्षी 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये एका जोगिणीच्या लहानशा भूमिकेत त्या स्वतः पडद्यावर आल्या तेव्हा कुठे त्यांचा चेहरा आणि त्यांचा आवाज एकत्र दिसला. माझा आक्षेप उसन्या आवाजाला नाही. उसना घेऊन तो आपलाच म्हणून मिरवण्याला आहे, आणि त्यात फसवणूक झाली ती दोन्ही स्त्रियांची. या चित्रपटाला बारा नामांकने आणि आठ ऑस्कर मिळाली, हॅरिसन यांना अभिनयाचे मिळाले, ध्वनीचेही मिळाले; हेपबर्न यांना नामांकनसुद्धा नव्हते, आणि त्याच समारंभात 'मेरी पॉपिन्स'साठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान जूली अँड्र्यूज यांना गेला.

हेपबर्न यांच्या आवाजातली ती ध्वनिमुद्रणे नष्ट झाली नाहीत, पुढे ती लोकांसमोर आली. मी ती ऐकली आहेत. वरच्या सुरांना त्या पोहोचत नाहीत, हे खरे. परंतु ओळीच्या अर्थाला त्या पोहोचतात, आणि फुलवालीच्या गळ्यातून सूर किंचित घसरला असता तर काय बिघडले असते? विशेष म्हणजे चित्रपटात एका जागी त्यांचा स्वतःचा आवाज मोठ्या प्रमाणात राहिला आहे: हिगिन्सवर संतापून, तुला एक दिवस बघून घेईन असे एलायझा गाते तिथे. मंजुळेच्या मास्तरांवरच्या त्या गाजलेल्या स्वगताची ही थोरली बहीण. राजवाड्याची स्वप्ने रंगवताना सूर वर चढतात आणि निक्सन यांचा आवाज येतो, राग परत आला की हेपबर्न परत येतात. राग तेवढा तिचा स्वतःचा राहिला. सबंध चित्रपटातली एलायझा मला तिथे सर्वांत खरी वाटते.

दुसरा मोठा दोष शेवटाचा, आणि त्याचा उगम फार जुना आहे. शॉ यांच्या नाटकात एलायझा निघून जाते. १९१४ साली लंडनला हिगिन्स करणारे हर्बर्ट बीअरबोम ट्री शेवटी तिच्याकडे फुले फेकून प्रेमाची सूचना देऊ लागले तेव्हा शॉ संतापले, आणि १९१६ साली नाटकाला जोडलेल्या उत्तरकथनात त्यांनी लिहून टाकले की ती तिच्यावर भाळलेल्या फ्रेडी या तरुणाशी लग्न करते आणि फुलांचे दुकान काढते. तरीही 'पिग्मॅलियन'वरच्या १९३८च्या चित्रपटात ती हिगिन्सकडे परतली, आणि तोच शेवट संगीतकाने आणि क्यूकॉर यांनी उचलला. शेवटच्या प्रसंगात हिगिन्स एकटा बसून तिच्या पहिल्या दिवसाचे, गावठी उच्चारांचे ध्वनिमुद्रण यंत्रावर ऐकत आहे. ती मागून येते, यंत्र बंद करते, आणि तेच वाक्य त्याच जुन्या उच्चारांत स्वतः म्हणते: हाततोंड धुऊन आलेय मी. इथे चित्रपट थांबायला हवा होता. जी बोली पुसून टाकण्यासाठी एवढा खटाटोप झाला तिच्यासाठी हा माणूस झुरतो आहे, आणि ती बोली आता तिच्या ताब्यात आहे, हवी तेव्हा काढील, नको तेव्हा ठेवून देईल. इतके सारे त्या एका वाक्यात आले आहे. पण नंतर तो टोपी डोळ्यांवर ओढून आपल्या सपाता कुठे आहेत असे विचारतो, ती हसत पुढे येते, आणि त्याच सपाता तिने भिरकावल्या होत्या याचा चित्रपटाला विसर पडतो.

असे असूनही हा चित्रपट तरुण मुलामुलींनी पाहावा, विशेषतः बीएडला जाणाऱ्यांनी पाहावा, असे माझे मत आहे. मात्र शेवटच्या अर्ध्या मिनिटाविषयी आणि त्यातल्या आवाजांविषयी त्यांना आधी सांगावे. आपल्या पुरवणीतल्या लेखात हेपबर्न यांनी 'सुरेल गळ्याने रसिकांना मोहवले' असे छापले आहे. ते वाक्य चुकीचे आहे. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती अवश्य करावी, आणि ती करताना मार्नी निक्सन हे नाव पूर्ण छापावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे